बारा वर्षं बाकावर बसलो, पण वाढलो का?

आधी पत्र थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. डोंबिवलीचा एक मुलगा आहे, वय ३२, ऐरोलीला नाईट शिफ्ट करतो, घराणं मूळचं नगरकडचं, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. तो लिहितो, "ताई, मी गेली १२ वर्षं न चुकता रविवारी मराठी उपासनेला जातो. शनिवारची नाईट संपवून ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून पुढे शहरात, तिथं पोचेपर्यंत डोळे मिटायला लागतात, उपदेशात डुलकी लागते आणि मग दिवसभर अपराधी वाटतं. परत येताना मेगाब्लॉक असतोच. उठतो, बसतो, गातो, दानार्पणाच्या पिशवीत पैसे टाकतो, बाहेर दोघातिघांना सलाम करतो आणि घरी. उपदेश तर यूट्यूबवर याच्यापेक्षा चांगले मिळतात, बायबल मी घरी शांतपणे वाचतो आणि खरं सांगायचं तर त्यातच मला जास्त मिळतं. मागच्या वर्षी कमिटीच्या निवडणुकीवरून दोन गट पडलेत, एकमेकांशी बोलत नाहीत आणि प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मात्र शेजारी शेजारी गुडघे टेकतात. आई म्हणते एकत्र येणं सोडू नका असं शास्त्रात लिहिलंय, विषय संपला. बाबा आजारी होते तेव्हा तिथले एक काका रक्त द्यायला आले होते तेवढं सोडलं तर या चर्चने मला काय दिलं ते मला सांगता येत नाही. खरंच चर्चला जाऊन विश्वासात वाढ होते का, की ही नुसती सवय आहे?"

भावा, जय ख्रिस्त.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या एका वाक्यावर अडले, काकांच्या. त्याच्याकडे येतेच, पण आधी तुझी डुलकी, कारण तिच्यामुळे तू उगाच स्वतःला खात बसलायस. प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय काढ. त्रोवस गावात मंडळी रात्री माडीवर जमलीय, दिवे लागलेत, प्रेषित पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत चाललंय आणि युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपतो आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. लोक त्याला उचलायला जातात तर तो मेलेला. पौल बोलणं टाकून खाली उतरतो, त्याला मिठी मारतो, याच्यात जीव आहे म्हणतो. मग वर जाऊन सगळे भाकर मोडतात आणि पहाटेपर्यंत बोलत बसतात. त्या पोराला झोप लागली म्हणून कुणी एक शब्द बोलल्याचं तिथं लिहिलेलं नाही. तू रात्रभर काम करून, दोन गाड्या बदलून देवाच्या घरात येऊन झोपतोस, याच्यात अपराध कसला रे? त्यापेक्षा मला जास्त लागलं ते हे की १२ वर्षांत शेजारच्या कुणी तुला विचारलं नाही, "काय रे, रात्रपाळी करून आलास का?" युतुख पडला तेव्हा निदान बोलणं थांबवून पौल स्वतः खाली उतरला होता.

आता मूळ प्रश्न. चर्चला जाऊन वाढ होते का? माझं सरळ उत्तर, नुसतं जाऊन नाही होत. सगळे एका दिशेला तोंड करून दीड तास बसले आणि उठून गेले तर ती गर्दी झाली, चांगल्या कपड्यातली गर्दी. दादरला ब्रिजवर रोज संध्याकाळी आपण याच्यापेक्षा जास्त माणसांना खेटून चालतो, त्याने कुणी कुणाचं होत नाही. वाढ होते ती माणसं एकमेकांकडे तोंड करतात तेव्हा. तुझी आई जे वचन सांगते ना, इब्री लोकांस पत्र १०:२५, ते खरंच आहे, पण आपल्याकडे ते बहुतेक वेळा छडीसारखं वापरलं जातं आणि त्याच्या आधीचं, २४ वं, कुणी वाचतच नाही. त्यात म्हटलंय की प्रीती आणि सत्कर्मं करायला उत्तेजन मिळेल असं एकमेकांकडे लक्ष द्या. एकमेकांकडे लक्ष. त्यासाठी जमायचंय, हजेरी लावायला नाही. आणि त्या २५ व्यातच असंही आहे की कित्येकांना न जमण्याची सवय लागलीय, म्हणजे पहिल्या शतकातसुद्धा तुझ्यासारखा विचार करणारे होते बघ, हा प्रश्न यूट्यूबने आणलेला नाही.

यूट्यूबबद्दल मी वाईट बोलणार नाही. मीही ऐकते, भाजी निवडताना ऐकते, शिकायला मिळतं. घरी एकटं बायबल वाचणं तर सोडूच नकोस, प्रभू येशू स्वतः पहाटे उठून एकांतात प्रार्थना करायचा हे मार्काने लिहून ठेवलंय. पण तोच प्रभू शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात जायचा आणि लूकने तिथं शब्द वापरलाय 'परिपाठाप्रमाणे', म्हणजे नेमाने, सवयीने. तू सवय शब्द वाईट अर्थाने लिहिलायस म्हणून सांगते. नासरेथसारख्या लहान गावातल्या सभास्थानात दर आठवड्याला भारी प्रवचन होत असेल असं मला तरी वाटत नाही, तरी तो जायचा.

लॉकडाऊन आठवतोय ना, २०२० चा मार्च. चर्चला कुलूप, उपासना मोबाईलवर, आणि उपदेश काही वाईट नव्हते, उलट पाळकसाहेबांचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला असं आमच्याकडे लोक म्हणायचे. मग दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी गेले तर मास्क लावून एक बाक सोडून एक बसवलेलं, आणि लोक समोर बघतच नव्हते. माना वळवून वळवून मागे बघत होते, कोण आलंय, कोण नाही आलं. माझ्या पुढच्या बाकावर एक काका नेहमी खांबाला टेकून बसायचे, त्यांची जागा रिकामी होती आणि त्या रिकाम्या जागेकडे कितीतरी जण बघत होते, कुणी काही बोललं नाही पण सगळ्यांना कळलं. यूट्यूबवरचा माणूस तुला कितीही छान शिकवू दे, तुझी जागा रिकामी राहिली तर त्याला कळणार नाही.

आता माझं सांगते, कारण तुझ्याकडून घेतलं आणि स्वतःचं झाकून ठेवलं असं नको. आम्ही आधी दुसऱ्या एका मंडळीत होतो, नाव नाही घेत. माझ्या मिस्टरांचं दुखणं चार महिने चाललं, त्या चार महिन्यांत तिथून एक फोन आला आणि तो मासिक वर्गणी राहिलीय म्हणून. मी सहा महिने कुठल्याच चर्चची पायरी चढले नाही, इतकी चिडले होते. मिस्टर गेल्यावर एका शेजारणीने ओढून तिच्या चर्चला नेलं. मी मागे बसले. बाजूला एक आजी, ओळख नाही काही नाही. गीत सुरू झालं, पुस्तक माझ्या हातात, अक्षरं दिसतायत, आणि दुसऱ्या ओळीला घसाच बंद झाला. आजींनी माझ्याकडे बघितलं नाही, पाठीवर हात बित ठेवला नाही, फक्त त्यांचं पुस्तक माझ्या पुस्तकावर ठेवलं आणि बोटाने ओळ दाखवत गात राहिल्या. नख हळदीने पिवळं झालेलं, घरचा स्वयंपाक उरकून आल्या असणार. कडव्यामागून कडवं ते बोट सरकत होतं. मग सगळे मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणायला उभे राहिले, मी विश्वास धरतो, आणि मला ते म्हणवेना, कारण त्या महिन्यात माझा खरंच कशावर विश्वास उरला नव्हता, खोटं कसं बोलू देवासमोर? पण आजूबाजूला शंभरेक माणसं ते म्हणत होती आणि मला पहिल्यांदा कळलं की ही माणसं माझ्या वाटचं पण म्हणतायत. मला जमेपर्यंत ती म्हणत राहतील. त्या दिवशी उपदेश कशावर होता विचारशील तर आठवत नाही. ते बोट आठवतं.

म्हणून मला प्रभूच्या बारा शिष्यांतला थोमा फार जवळचा वाटतो. आपण त्याला संशयी म्हणून मोकळे होतो. योहानाचा विसावा अध्याय नीट वाच, पुनरुत्थानाच्या त्या पहिल्या रविवारी संध्याकाळी शिष्य जमले होते तेव्हा थोमा तिथं नव्हता. बाकीच्यांनी सांगितलं आम्ही प्रभूला पाहिलं, तो म्हणाला खिळ्यांचे वण बघितल्याशिवाय मी नाही मानणार. मग पुढे काय लिहिलंय, आठ दिवसांनी शिष्य पुन्हा आत जमले होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. त्याचा विश्वास बसलेला नव्हता तरी तो आला, आणि त्याचा विश्वास नाही हे माहीत असून बाकीच्यांनी त्याला बसू दिलं, आधी कबूल कर मग ये असं म्हटलं नाही. ते आठ दिवस काय झालं असेल त्यांच्यात, मला नेहमी वाटतं. आणि प्रभू थोमाला एकटा गाठून भेटला नाही, भेटला तो त्या बंद दाराच्या खोलीत, सगळ्यांच्या मधे. आपल्याकडे तर परंपराच आहे की हाच थोमा पुढे भारतात आला. तुला ज्या रविवारी काही वाटत नाही, नुसतं बसून येतोस असं वाटतं, तो रविवार वाया गेला असं मी नाही म्हणणार. तू त्या आठ दिवसांतला असशील.

पण म्हणून चर्चमध्ये जे काही चालतं ते सगळं गोड मानून घ्यायचं का, तर नाही. तुझा निवडणुकीचा राग मला पटतो. पौलाने करिंथच्या मंडळीला स्पष्ट सांगितलंय, पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, की तुमच्या एकत्र येण्याने फायद्यापेक्षा नुकसानच होतंय. तिथं काय चालायचं, खाऊनपिऊन सुखी असलेले आधी येऊन जेवून घ्यायचे, काही तर नशेत असायचे, आणि गरीब माणूस येईपर्यंत काही उरायचं नाही, तो उपाशी. वर तेही गट पाडून बसलेले. म्हणजे चर्चने नुकसान होऊ शकतं हे प्रेषित स्वतः लिहितो, तू म्हणालास तर त्यात काही पाप नाही. पण बघ, एवढं रागावून पौल शेवटी काय सांगतो? जमू नका असं नाही सांगत. म्हणतो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. एवढंच, एकमेकांसाठी थांबा. तुमच्या त्या दोन गटांतला एक जरी माणूस पुढच्या प्रभुभोजनाआधी गेटवर दुसऱ्यासाठी थांबला ना, तर मला वाटतं अख्ख्या मंडळीला त्या वर्षाचे सगळे उपदेश मिळून झाला नसेल तेवढा फायदा होईल. तू कुठल्या गटात आहेस लिहिलं नाहीस. कुठल्याच नसशील तर तुला हे सोपं आहे, तूच थांब.

हां, एक गोष्ट वेगळी सांगते, ही तुझ्यासाठी नाही, वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी असेल. जिथं पाळक माणसाला धाक दाखवतो, पैसे दिले नाहीत तर शाप लागेल म्हणतो, घरच्यांपासून तोडतो, औषध बंद करायला लावतो, तिथून निघून जायचं, दुसरी मंडळी शोधायची, आणि त्यात देवाला सोडलं असं काही होत नाही. कंटाळा येणं वेगळं आणि इजा होणं वेगळं.

तुझं कंटाळ्याचं आहे आणि एकटेपणाचं आहे. त्याच्यावर उपाय जुनाच आहे. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची माणसं, साल १७४२, ब्रिस्टलला त्यांच्या सभागृहावर कर्ज होतं. कुणीतरी सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांचे गट करू, गटाचा एक प्रमुख घरोघरी जाऊन पैसे गोळा करेल. तो घरोघरी जायला लागला आणि त्याला दिसायला लागलं की या घरात भांडण आहे, त्या घरात दारू आहे, इकडे कुणी आजारी आहे. हिशोबासाठी सुरू झालं आणि वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला इतके दिवस हवं होतं ते हेच. मग ते बारा जण दर आठवड्याला एकत्र बसायला लागले, एकमेकांना विचारायला लागले, तुझा जीव कसा आहे, प्रार्थना होते का, कुठे घसरलास. आणि त्याच वेळी वेस्ली त्यांना सांगायचा की गावातल्या चर्चला जाणं सोडू नका. दोन्ही पाहिजे. पुढे १८७१ मध्ये विल्यम टेलर नावाचा मेथडिस्ट प्रचारक आपल्या मुंबईत आला, त्यानेही आधी लोकांच्या घरातच असे छोटे गट बसवले, इमारती नंतर आल्या.

आपल्याकडे त्याला कॉटेज मीटिंग म्हणतात, तुला माहीतच असेल, पण बहुतेक ठिकाणी तिचीही छोटी उपासनाच झालीय, पाहुणा वक्ता, अर्धा तास उपदेश, माईक, मग समोसा आणि वेफर्स. मी म्हणते ती तशी नाही. मी ज्या बैठकीला जाते ती विक्रोळीला एका चाळीतल्या खोलीत, दारात चपलांचा ढीग, खाली चटई, आठ-नऊ जण, गुडघ्याला गुडघा. एक स्तोत्र वाचायचं, कधी एक काकू वाचतात त्यांना नीट दिसत नाही, बोट ठेवून शब्द शब्द जोडत वाचतात आणि सगळे थांबतात, घाई नाही. मग एकच प्रश्न, हा आठवडा कसा गेला. पहिले दोन महिने सगळे "देवाच्या दयेने बरं आहे" एवढंच म्हणायचे. मग एकदा एक रिक्षावाला दादा म्हणाला, बरं नाहीये, हप्ता थकलाय, मुलाशी बोलत नाहीये, तीन दिवस प्रार्थना केलेली नाही. खोलीत एकदम शांत झालं, गॅसवर चहा उकळत होता तेवढाच आवाज. त्या दिवसापासून ती बैठक खरी झाली. याकोबाने पत्रात लिहिलंय की एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. ते दोनशे माणसांत माईकवर होणार नाही, आणि मोबाईलसमोर एकट्याने तर नाहीच नाही.

तर तू असं कर. डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूरकडे तुमच्याच मंडळीतली घरं नक्की असतील, शहरातून लोक तिकडेच सरकलेत ना सगळे. पाळकसाहेबांना विचार, त्यांच्याकडे पत्ते असतात. चार घरं मिळाली तरी खूप झाली, दोघं-तिघं जमले तरी मी आहे असं प्रभूनेच म्हटलंय. महिन्यातून दोनदा, तुझ्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी, चहाच्या वर काही ठेवू नका म्हणजे गरीब घराला बोलवायची लाज वाटणार नाही. रविवारची उपासना सोडू नकोस, पण नाईट करून आलायस आणि संध्याकाळची उपासना असेल कुठे जवळ तर त्या रविवारी झोपून उठून तिथं जा, शरीरही देवानेच दिलंय. आणि गेल्यावर शेवटच्या आशीर्वादानंतर पळू नकोस. वीस मिनिटं थांब. मला माहितीये ब्लॉक सुरू व्हायच्या आत गाडी पकडायची असते, तरी थांब, पुढची गाडी धर. संडे स्कूलला शिकवायला माणूस नेहमीच कमी असतो, तू बायबल मन लावून वाचतोस म्हणतोस तर ते दहा पोरांना सांगायला घे, आपल्याला कळलंय असं वाटत असतं ना त्यातलं किती कळलंय ते मुलांच्या एका प्रश्नात समजतं. मी चौदा वर्षं शिकवलं, माझं जे काही वाढलं असेल ते बरंचसं तिथं वाढलं.

आणि आता ते काका. तू लिहिलंयस "तेवढं सोडलं तर". का सोडायचं रे? बाबांना रक्त हवं होतं आणि ज्याचं तुमच्याशी नातं नाही गोतं नाही असा माणूस उठून आला, बाही वर करून झोपला आणि बाटलीभर रक्त देऊन गेला. तो तुला ओळखायचा कुठून? त्याच बाकांवरून. तू उपदेशात झोपत होतास त्याच रविवारांमधून ही ओळख झाली. तू हिशोब मांडायला बसलास आणि सगळ्यात मोठी रक्कम वगळून बेरीज केलीस.

ते काका आता कसे आहेत ते तू लिहिलं नाहीस. त्यांच्या घरी कोण आहे, ते कुठून येतात, त्यांना कुणी आहे का, तुला माहीत नसेल असं मला वाटतं. नंबर असेल तर आजच फोन कर. नसेल तर येत्या रविवारी तुझी नेहमीची जागा सोड आणि त्यांच्या बाकावर जाऊन बस.

तुझी ताई